ग्रामपंचायतना हरकत दाखला

लग्न होऊन सासरी आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी जेवताना सासऱ्यांनी मला सांगितलं, "आपला नदीकाठना वावरमा खाले बठ्ठी वायू शे."

मी भूगर्भशास्त्राची पदवीधर. घास हातातच राहिला. माझं माहेर सांगलीकडचं. तिकडे जमिनीखाली फार तर पाणी लागतं, तेही नशीब असेल तर. आणि इथे गिरणेच्या काठी, पाचोऱ्याहून तासाभराच्या अंतरावर, सासऱ्यांच्या शेताखाली चक्क वायू. मी परीक्षेच्या आवाजात विचारलं, "दाब किती आहे, आबा?" आबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "दाब शे ना. वरथून बैलजोडी चालस, काही होत नही."

संध्याकाळी मी नवऱ्याला गंभीरपणे म्हटलं की हे सरकारला कळवायला हवं. तो आधी दचकला, मग त्याच्या लक्षात आलं, मग तो पोट धरून ओट्यावर जाऊन बसला आणि दहा मिनिटांत ती गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत झाली. खानदेशात ळ टिकत नाही, त्याचा य होतो. केळीची केयी, जळगावचं जयगाव आणि वाळूची वायू. आमच्या शेताखाली वाळू होती.

त्या दिवसापासून माझं आणि गावाच्या भाषेचं वाजलं ते वाजलंच. माझा स्वभाव मुळात चुका काढणारा आहे. लहानपणी मी लग्नपत्रिकांतले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनने सुधारून पाहुण्यांना परत देत असे, आणि मोठी झाल्यावर ती खोड गेली नाही, फक्त पेन गेलं. सासरी कोणी "शे" म्हटलं की मी "आहे" म्हणायची. कोणी "बठ्ठा" म्हटलं की मी "सगळा" म्हणायची. लोक रागावत नसत, हसत. अहिराणी मला समजायला लागली, पण बोलायची नाही असं मी ठरवलं होतं. नऊ वर्षं नाही बोलले. हट्टच तो.

माझ्या पदवीचा त्या नऊ वर्षांत एकच उपयोग झाला. तांदूळ निवडताना निघालेला खडा गारगोटीचा आहे की बेसाल्टचा, हे मी सासूबाईंना सांगायचे. त्या म्हणायच्या, "फेकी दे ते."

मग आबांनी खाण काढायचं ठरवलं. त्या वावरात तसंही धड काही येत नव्हतं. नदी कधीकाळी तिथून वाहायची, नंतर तिने कूस बदलली आणि मागे वाळू-गोट्यांचा थर सोडून गेली. वर दोन-तीन फूट काळी माती, तिच्याखाली नांगराचा फाळ गोट्याला लागून ठण्ण वाजायचा. आजूबाजूला घरं आणि रस्ते होत होते, वाळू-खडी जो तो मागत होता. पण आबांचा एक नियम होता. चोरून एक घमेलंही काढायचं नाही, सगळं कागदावर. आणि कागदाचं कोण बघणार असं घरात विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ती शिकेल शे. ती करी."

नानांना हे अजिबात पटलं नाही. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, माझे चुलत सासरे. त्यांना धुळ्याचा एक ठेकेदार माहीत होता, ज्याच्याकडे तीन पोकलेन आणि एक पांढरी गाडी होती. नानांचं म्हणणं असं की खाण म्हणजे काही पापड-कुरडया नाहीत, सुनेच्या हाती द्यायला. दोघा भावांची ओट्यावर बरीच खडाजंगी झाली आणि शेवटी आबांनी निकाल दिला. आखाजीपर्यंत सगळे कागद जळगावला मंजुरीसाठी पूर्ण लागले, तर खाण मी चालवायची. नाही लागले तर नानांचा ठेकेदार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा इकडचा सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी ठरलेली गोष्ट मोडत नाहीत.

मला ती खाण हवी होती. उगाच आढेवेढे घेत नाही. कुणाचं भलं करायचं म्हणून नव्हे, गावाच्या विकासासाठी वगैरे तर मुळीच नव्हे. मला जमिनीखाली काय आहे हे बघायला आवडतं आणि नऊ वर्षं मी फक्त तांदळाखाली बघत होते.

थंडीच्या दिवसांत मी चाचणीचे खड्डे घ्यायला सुरुवात केली. भाड्याचा जेसीबी दुपारी बारानंतर मिळायचा, कारण सकाळी तो कुणाच्या तरी विहिरीवर असायचा. मी टोपी घालून, वही घेऊन खड्ड्याच्या कडेला उभी राहायचे आणि गाव माझ्या कडेला उभं राहायचं. पहिल्या खड्ड्याला वीस माणसं होती, दुसऱ्याला चाळीस. तिसऱ्या खड्ड्यापाशी एकाने शेंगदाणे विकायला आणले. प्रत्येक थर निघाला की मी वहीत लिहायचे, बारीक वाळू, जाड वाळू, गोटे, मुरूम, आणि मागून कुणीतरी मोठ्याने विचारायचं, "सोनं कव्हय निंघी?" सोनं कधी निघणार, असा प्रश्न मला चौथ्यांदा आला तेव्हा मी रागाने म्हटलं, "सातव्या खड्ड्यात." सातवा खड्डा मी घेणारच नव्हते. पण पुढचे पंधरा दिवस लोक मला सातवा खड्डा कधी घेणार म्हणून विचारत राहिले, आणि एकाने तर तो कुठे घ्यावा याची जागाही सुचवली. ती त्याच्या भावाच्या शेतात होती.

वाळूचा कण किती जाड हे मोजायला वेगवेगळ्या भोकांच्या चाळण्या लागतात. मी मागवलेल्या चाळण्या कुरिअरवाल्याने जामनेरला नेऊन टाकल्या. तिथून त्या परत यायला बारा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत मी घरातल्या वापरल्या. गोट्यांना गव्हाची चाळणी, जाड वाळूला रव्याची, बारीक वाळूला मैद्याची. निकाल फार चांगले आले. मी चाळण्या तीन-तीनदा धुऊन जागेवर ठेवल्या आणि कुणाला काही बोलले नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे पाहुणे आले, सासूबाईंनी कौतुकाने पुरणपोळ्या केल्या आणि पहिल्याच घासाला पंगतीत एकदम शांतता पसरली. पाहुणे चांगले होते, त्यांनी चावणं सोडून गिळायला सुरुवात केली. मी मात्र सवयीने तो कण जिभेवर फिरवला आणि मनात म्हटलं, एक मिलिमीटरच्या आतला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून चाळण्या त्यांच्या कपाटात कुलपात होत्या.

एवढं सगळं होऊन खाणीचा आराखडा तयार झाला आणि तो सुंदर झाला. स्वतःच म्हणते, पण खरंच झाला. कुठून खणायला सुरुवात करायची, किती खोल जायचं, काळी माती वेगळी कुठे रचायची म्हणजे नंतर खड्डा बुजवून वर पसरता येईल, चाळल्यावर उरलेला गाळ कुठे टाकायचा, डंपर कुठून येणार, कुठून जाणार, सगळं रंगीत. शेताच्या खालच्या अंगाला, नदीच्या बाजूला, सगळ्यात स्वच्छ आणि जाड वाळूची एक पट्टी होती. तिथून खणायला सुरुवात. तिच्या टोकाला बाभळीच्या काट्यांचा एक ढीग होता, तो मी नकाशात "काटेरी झुडूप, निरुपयोगी" असा दाखवला आणि गाळाची जागा तिथे ठरवली.

आता राहिला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. ग्रामसेवकाकडे तीन गावं होती आणि मोटारसायकल एक. तो म्हणाला, "ताई, मसुदा तुम्हीच करून पाठवा, मी सही-शिक्का मारतो. तुमचं मराठी चांगलं आहे." या एका वाक्याने मी फुलले. मी मोबाईलवरच मसुदा टाईप केला, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले, त्याला पाठवला, त्याने छापला, सही केली, शिक्का मारला आणि फाईल जळगावला गेली. आखाजीला महिना होता. मी नानांच्या समोरून मुद्दाम दोनदा चालत गेले.

दहा दिवसांनी फाईल परत आली. वर एक ओळ होती. "सदर खाणीस ग्रामपंचायतीची हरकत असल्याचे दिसते. खुलासा व्हावा."

मी पाचोऱ्याहून गाडी पकडून तडक जळगाव गाठलं. फाईल बघणारा कारकून चाळिशीचा, शांत, स्वच्छ शर्टाचा माणूस होता. त्याने आधी मला पाणी दिलं, मग दाखला काढून मथळ्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, हे वाचा."

मी वाचलं. तिथे लिहिलं होतं, "ग्रामपंचायतना हरकत दाखला."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"बरोबरच आहे. ग्रामपंचायतीचा हरकत दाखला. मी धुळ्याकडचा आहे, मॅडम. आमच्या घरात असंच बोलतात. गावना रस्ता, भाऊना बैल, ग्रामपंचायतना दाखला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहिराणीत "ना" म्हणजे "चा". मी "ग्रामपंचायत" आणि "ना" यांच्या मध्ये जागा सोडायला विसरले होते आणि तेवढ्याने सगळ्या गावाची संमती उलटी झाली होती.

"अहो, ते ना हरकत आहे. ना म्हणजे नाही. मधली जागा राहून गेली."

"जागा राहिली असती तर प्रश्नच नव्हता," तो म्हणाला.

मी सहजासहजी हार मानणाऱ्यातली नाही, आणि व्याकरणात तर नाहीच. नऊ वर्षं कानावर पडलेली अहिराणी मी पहिल्यांदाच हत्यार म्हणून उचलली. म्हटलं, "हरकत स्त्रीलिंगी आहे. तुमच्या भाषेत ग्रामपंचायतना हरकत होणारच नाही, ग्रामपंचायतनी हरकत व्हायला हवं. म्हणजे तुमचा अर्थ चुकीचा."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हरकत स्त्रीलिंगी, कबूल. पण इथे ना लागलाय तो दाखल्याला, मॅडम. दाखला पुल्लिंगी. ग्रामपंचायतना दाखला. व्याकरण शुद्ध आहे."

उभ्या आयुष्यात मला कुणी व्याकरणात असं चीत केलं नव्हतं. बाजूच्या टेबलावरच्या बाईंनी हसू दाबायला फाईल तोंडासमोर धरली. मी विचारलं की नवीन दाखला आणून दिला तर चालेल का. तो म्हणाला की हा दाखला आवक नोंदवहीत चढला, आता त्याच्यावर ग्रामसभेचा ठराव लागेल. गावाची हरकत असेल तर कोणती आहे ते कळवा, नसेल तर कोणती नाही ते कळवा. मग त्याने चहा मागवला. चहा चांगला होता, त्याचा मला जास्तच राग आला.

ग्रामसभा भरली तेव्हा आखाजीला आठवडा उरला होता. पत्र्याच्या शेडमध्ये सरपंचबाई टेबलामागे, ग्रामसेवक शेजारी, आबा पुढच्या सतरंजीवर, नाना खांबाला टेकून. मी भिंतीला नकाशा लावून उभी. सरपंचबाईंनी जळगावचं पत्र वाचून दाखवलं, ते खाली ठेवलं आणि गावाला विचारलं, "सांगा मंग. आपली हरकत काय शे?"

खरं म्हणजे कुणाचीच काही हरकत नव्हती. पण सरकारनेच शिक्क्यानिशी विचारल्यावर नाही कसं म्हणायचं. आपली हरकत आहे असं जळगावला कळलंय आणि आपल्यालाच माहीत नाही, ही गावाला मोठी नामुष्की वाटली. शेवटी एकाने घसा खाकरला.

"मनी म्हैस डंपरना आवाजले घाबरस."

मी म्हटलं, "अजून खाण सुरूच झालेली नाही. डंपर आलेलाच नाही."

"म्हनीसन ते आधीच सांगी राह्यनू," तो म्हणाला, आणि ग्रामसेवकाने लिहून घेतलं.

मग बांध फुटला. एकाने सांगितलं की डंपर त्याच्या दारावरून जाणार, धूळ उडणार. त्याचा शेजारी ताडकन उठला. "त्याना दारवरथून जाई ते मना दारवरथून का बरं नही? आम्ही काय गावमा राहतस नही?" दोघांच्याही हरकती लिहिल्या गेल्या, एकाखाली एक. किराणा दुकानाचे शेठ, ज्यांचे पणजोबा राजस्थानातून आले होते आणि जे गावात सगळ्यात शुद्ध मराठी बोलतात, नम्रपणे म्हणाले की त्यांची हरकत नाही, सूचना आहे. खाणीवर चहाची टपरी झाली तर साखर कुठून घेणार, एवढंच फक्त ठरावात यावं. एकाने विचारलं की नकाशात त्याचं घर पिवळं का, भावाचं हिरवं का.

एक म्हातारबाबा मागून उठले. "माले इचारं नही."

सरपंचबाई म्हणाल्या, "आते इचारी राह्यनूत ना, बाबा."

"आते इचारं ते आते सांगस. माले काही हरकत नही. पन आधी इचारं नही, ही हरकत लिखा."

तीही लिहिली. ग्रामसेवकाचं पान भरलं, त्याने उलटून दुसरीकडे लिहायला घेतलं. मी कपाळाला हात लावून उभी होते. आबा मान खाली घालून हसत होते, त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते. नाना खांबाला टेकून मजेत दाढी खाजवत होते, कारण जितक्या हरकती तितका उशीर आणि जितका उशीर तितका त्यांचा ठेकेदार जवळ.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक अक्का उठल्या. गावात त्यांना सगळेच अक्का म्हणतात. त्या बोलायला लागल्या की बाकीचे गप्प बसतात, कारण निम्म्या गावाच्या बाळंतपणात त्यांचा हात आहे. त्या नकाशाजवळ आल्या, माझ्या रंगीत आराखड्यावर त्यांनी बोट फिरवलं आणि जिथे मी "काटेरी झुडूप, निरुपयोगी" लिहिलं होतं तिथे थांबल्या.

"हाई काय दखाडेल शे?"

"काट्यांचं झुडूप आहे, अक्का. तिथे गाळ टाकणार."

"ते झुडूप नही शे. झिरानं झाकन शे." त्या मला लहान मुलीला सांगावं तसं सांगत होत्या. "ढोरं पानी नासाडतस, म्हनीसन आम्ही वर काट्या झाकतस. नयना पानीमा दाय शिजत नही, माय." नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे मला दोन्ही ळ जागेवर बसवल्यावर कळलं.

मी वसकन म्हटलं, "मग हे मला आधी कोणी का नाही सांगितलं? मी चार महिने तिथे उभी होते." अक्कांनी नकाशावरचं बोट काढलं. "तू दुपारले येस. आम्ही सकायले जातस."

चहा आला, लाईट गेली, सभा दुसऱ्या दिवशीवर ढकलली गेली.

सकाळी सहाला मी शेताच्या खालच्या अंगाला गेले. माझ्या आधी सात-आठ बायका तिथे होत्या. अक्कांनी काठीने बाभळीच्या फांद्या बाजूला सारल्या. खाली झिरा होता, म्हणजे वाळूत उकरलेला हातभर खोल, परातीएवढा गोल खड्डा, आणि त्यात तळ दिसावा इतकं नितळ पाणी. एक जण खाली बसून वाटीने हळूहळू हंडा भरत होती, घाई केली की गढूळ होतं म्हणून. बाकीच्या ओळीने बसून गप्पा मारत होत्या, त्यातल्या बऱ्याच माझ्याबद्दल होत्या. मी आल्यावरही त्यांनी विषय बदलला नाही. मी ओंजळभर पाणी प्याले. ते गोड होतं.

आणि मला लाज वाटली, खरी लाज. पाणी गोड का आहे हे त्या जागी फक्त मला सांगता आलं असतं. माझ्या आवडत्या पट्टीतली ती स्वच्छ, जाड वाळूच नदीचं पाणी गाळून इथे आणून सोडत होती. पट्टी खणली की पाणी खड्ड्यात उतरणार, वर गाळ टाकला की झिरा कायमचा बुजणार. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मला पैकीच्या पैकी मिळाले असते. पण मी रोज दुपारी बारानंतर यायचे, काट्यांचा ढीग बघायचे आणि वहीत लिहायचे, निरुपयोगी.

पट्टी सोडायची म्हणजे आराखडा नव्याने करायचा. म्हणजे आखाजी हुकली. म्हणजे खाण गेली. दुसरीकडे, मी गप्प बसले असते तर ठरावात अक्कांची हरकत म्हशीच्या आणि पिवळ्या घराच्या रांगेत कुठेतरी अकरावी-बारावी आली असती आणि जळगावला कुणी हसून बाजूला सारली असती. असा विचार माझ्या मनात आला नाही असं म्हणणार नाही. आला, आणि दुपारच्या जेवणापर्यंत ठाण मांडून होता.

दुसऱ्या दिवशीची सभा सुरू झाली. सरपंचबाईंनी विचारलं, "अजून कोनी हरकत शे का?"

मी हात वर केला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एरवी मी ताठ मराठीत चार वाक्यं बोलले असते, पण तोंडातून भलतंच आलं.

"मना हरकत शे."

अख्खी शेड एका सुरात म्हणाली, "मनी."

"मनी हरकत शे," मी म्हटलं, आणि मग असा हशा उसळला की बाहेर बांधलेली ती घाबरणारी म्हैस खरंच दावं तोडून पळाली. तिचा मालक तिच्यामागे धावता धावता ओरडून गेला, "लिखी ल्या, लिखी ल्या." नानांना मात्र हसू आलं नाही. ते म्हणाले, "तूच खान काढस आनी तूच हरकत लेस?" मी नकाशा भिंतीवरून उतरवला, खालच्या पट्टीवर पेनने मोठी फुली मारली आणि सांगितलं की ही पट्टी आणि झिरा खाणीतून वगळल्याशिवाय या आराखड्याला माझी हरकत आहे. ठराव झाला. आबा एक शब्द बोलले नाहीत. घरी जातानाही बोलले नाहीत, आणि आबा गप्प असले की घरात भांडीसुद्धा जपून वाजतात.

नवा आराखडा करायला मला तीन आठवडे लागले. आखाजी आली, लेकी माहेरी आल्या, झाडाझाडाला झोके लागले, आणि मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत बसले. त्याच दिवशी नाना ठेकेदाराला पांढऱ्या गाडीतून घेऊन आले. आबा त्याच्याबरोबर शेतावर गेले. मला कुणी बोलावलं नाही. मी गच्चीवरून बघत होते आणि मला रडू येत होतं, हे मी सासूबाईंनाही सांगितलं नाही. त्यांनी मात्र पदराने माझ्या गालावरचं पीठ पुसलं आणि त्याबरोबर बाकीचंही पुसलं.

पुढचं मला नवऱ्याने सांगितलं. ठेकेदाराने सगळं वावर फिरून पाहिलं, वाळू चिमटीत धरून पाहिली, आणि वगळलेल्या पट्टीच्या कडेला मी ठोकलेल्या खुंट्यांपाशी येऊन विचारलं की या पलीकडे का नाही. आबांनी सांगितलं की पलीकडे खणायचं नाही, गावाचा ठराव आहे. ठेकेदार म्हणाला, "काका, ठराव काय, बघून घेऊ. मलई तिकडे ठेवून मला ताक विकता का?" आबा म्हणाले, "ताक लेनं व्हई ते ल्या." तो चहासुद्धा न घेता गेला. तीन पोकलेनचं पोट ताकावर भरत नाही. नानांनी आणखी दोन ठेकेदार आणले, एक चाळीसगावचा आणि एक कुठला तरी, तेही खुंट्यांपाशी येऊन परत गेले. मग कुणी आणायचं उरलं नाही. तेव्हा माझी फाईल जळगावला गेली. मंजुरी पावसाळ्यानंतर आली. त्या कारकुनाने फाईलवर माझ्या नव्या दाखल्याच्या मथळ्याखाली पेन्सिलीने बारीक बरोबरची खूण केली होती.

खाण मला मिळाली, पण कुणी दिली म्हणून नव्हे, दुसऱ्या कुणी घेतली नाही म्हणून. हे गावाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. दिवाळीनंतर शुभारंभाच्या सकाळी सगळे वावरात जमले. नारळ आबांनी फोडला, हार आबांना घातला, पेढा पहिला आबांना. शेठ साखरेचं पोतं कुठे उतरवायचं ते आबांना विचारत होते. मी हातात आराखडा घेऊन बाजूला उभी होते, लग्नात वऱ्हाडाबरोबर आलेल्या अनोळखी पाहुणीसारखी.

जेसीबीचा ड्रायव्हर जुना, अनुभवी माणूस होता. चांगली वाळू कुठे आहे हे त्याला वासानेच कळत असावं. त्याने मशीन सुरू केलं आणि माझ्या चुन्याच्या रेघा ओलांडून सरळ खालच्या पट्टीकडे निघाला. नाना म्हणाले, "जाऊ द्या, मुहूर्तनी एक बकेट. काय फरक पडस." कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मी धावत जाऊन त्याच्या समोर उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले.

"थांब," मी ओरडले. "आठे नही."

मशीन थांबलं. ड्रायव्हरने केबिनमधून मान बाहेर काढली, माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या डोक्यावरून पलीकडे आबांकडे पाहिलं. नानांनी आबांकडे पाहिलं. शेठ, सरपंचबाई, ग्रामसेवक, सगळी माणसं आबांकडे तोंड करून उभी राहिली. मीसुद्धा. आखाजीपासून त्या दिवसापर्यंत ते खाणीबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते.

आबांनी गळ्यातला हार काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"मनाकडे काय देखतस?" ते म्हणाले. "तिले इचारा."